डोहाळजेवणाच्या टेबलांवर फळांची आरास : आठ टेबलं, तीन आठवडे

१२ एप्रिल, शनिवार

भाचीचं डोहाळजेवण ४ मेला ठरलं. हॉल पुण्यात, कर्वेनगरला. अठ्ठेचाळीस बायका, चार फुटी गोल टेबलं आठ. मंडपवाल्याने टेबलाच्या मधोमध फुलांची सजावट करायचे टेबलामागे १,२०० रुपये सांगितले, म्हणजे ९,६००. ताई म्हणाली राहू दे, दोन-दोन गुलाब ठेवू वाटीत. मी म्हणालो, ताज्या फळांची आरास मी करतो, नंतर खाताही येईल. "तुला जमेल?" असं तिने विचारलं नसतं तर मी बहुतेक दुसऱ्या दिवशी शब्द मागे घेतला असता.

पोटापाण्याला मी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढतो, त्यामुळे आधी मापं. घरातल्या सहा जणांना जेवणाच्या टेबलाशी बसवून टेबलाच्या पृष्ठापासून डोळ्यापर्यंतचं अंतर घेतलं. आईचं १५ इंच, मेव्हण्याचं १८, बाकीचे मधले. म्हणजे आरास १२ इंचांच्या वर जाता कामा नये, नाहीतर समोरची बाई दिसायची नाही आणि गप्पा शेजारणीपुरत्याच राहतील. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं: १२ इंच.

बजेट ५,०००. वेळ: तीन शनिवार-रविवार.

१३ एप्रिल, रविवार

पहिला नमुना. व्हिडिओत बघितलेला: मधे अख्खा अननस, त्याच्या भोवती पपईच्या होड्या, अर्धे कापलेले ड्रॅगन फ्रूट, काड्यांवर ओवलेली द्राक्षं, सगळं फुलवाले वापरतात त्या हिरव्या फोममध्ये खोचलेलं.

मंडईतून तीन अननस २४० ला. पपई, दोन ड्रॅगन फ्रूट, द्राक्षं मिळून ३१०. फोमच्या चार विटा २४०. बांबूच्या काड्यांची दोन पाकिटं ८०.

काय काय बिघडलं ते क्रमाने:

अननस उभा राहत नाही. त्याचं बूड गोल असतं. चकती कापून सपाट केलं तर उभा राहिला, पण त्या जखमेतून रस झिरपायला लागला. अर्ध्या तासात तबकात चमचाभर पाणी, त्यात पहिली मुंगी.

शेंडीसकट अननस १६ इंच. खाली तबक आणि फोम धरून १९. काल लाल पेनाने लिहिलेला नियम आज मीच मोडला. बायको समोर बसली आणि म्हणाली, "मला तू दिसत नाहीस, तुला तुरा फुटलेला दिसतोय."

फोम. वीट पाण्यात हाताने दाबून बुडवली, लवकर भिजावी म्हणून. असं करायचं नसतं. पाण्यावर नुसती सोडायची, ती आपली आपण पाणी पीत बुडते. दाबली की बाहेरचा थर भिजतो, हवा आत अडकते आणि मधला भाग कोरडाठाक राहतो. मधे खोचलेली ॲस्टरची फुलं संध्याकाळी मान टाकून होती. वीट मधोमध कापून बघितली तेव्हा कळलं, आत भुशासारखं कोरडं.

त्यातून हा फोम खाण्याच्या वस्तूला लागू द्यायचा नसतो. चिमटीत चुरा होतो आणि तो चुरा फळाला चिकटतो. नंतर खाता येईल असं ताईला सांगून बसलो होतो, ते इथेच संपलं.

तीन अननस सोलून-कापून हात चुरचुरत होते, ते रात्री आमटी-भात कालवताना जास्त कळलं. अननसाच्या रसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं, ते कातडीलाही सोडत नाही. हातमोजे घाला. मी नव्हते घातले.

वेळ: साडेपाच तास, एका टेबलाला.

१४ एप्रिल, सोमवार (सुट्टी)

नमुना मुद्दाम टेबलावरच ठेवला होता, बघायला की किती तास टिकतो. नोंद:

२ तास: द्राक्षाच्या काड्यांवरून रस ओघळलेला.
५ तास: पपईच्या कडा मऊ, ड्रॅगन फ्रूटचा पांढरा गर चिकट.
८ तास: चिलटं. कुठून येतात देव जाणे, खिडक्या बंद होत्या.
१४ तास (आज सकाळी): आंबूस वास. टाकून दिलं.

अख्खी पपई मात्र, जी मी कापलीच नव्हती, ती शेजारी तशीच ताजी बसली होती. हे तेव्हा डोळ्यांसमोर असूनही डोक्यात शिरलं नाही. पुढे आणखी दहा दिवस गेले.

१९ एप्रिल, शनिवार

आता कलिंगडाचं नक्षीकाम. कोरायच्या सुऱ्यांचा संच ४५० ला आणला. कलिंगडं दोन, १६० रुपये.

हिरवी साल, तिच्याखालचा पांढरा थर, मग लाल गर, अशा तीन रंगांत फूल उमटतं, हे बघायला फार सुंदर. करायला बसलो की कळतं, पांढऱ्याचा थर अर्धा इंच आणि आपला हात अर्ध्या इंचाचा नाही. पहिल्या कलिंगडातल्या गुलाबाचा कोबी झाला. दुसरं बऱ्यापैकी जमलं. पण तीन तास दहा मिनिटं लागली, आणि शेवटची पाकळी होईपर्यंत पहिल्या पाकळ्या घामेजून लोंबायला लागल्या होत्या. एप्रिलातली पुण्याची दुपार, पंखा चालू. आठ टेबलांना पंचवीस तास, तेही आदल्या रात्री. शक्य नाही.

फ्रिजमध्ये ठेवून बघितलं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत सालीवर पाण्याचे थेंब, वीस मिनिटांत टेबलक्लॉथवर ओलं वर्तुळ.

कलिंगड सगळ्या मजल्यावर वाटलं. संच माळ्यावर.

२० एप्रिल, रविवार

या नोंदी वाचून कुणी असलं काही करणार असेल, तर त्याने आजची नोंद सगळ्यात आधी वाचावी.

मोठी आत्या आली होती. मी तिला कौतुकाने पहिल्या नमुन्याचे फोटो दाखवले, तोवर डिझाइन "अननस अख्खा, पपई अख्खी, बाकी साधं" इथपर्यंत आलं होतं. तिने मोबाइल हातातच घेतला नाही. लांबूनच बघितलं.

"अरे, पोटुशी पोर मधे बसणार आणि तिच्या पुढ्यात पपई नि अननस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

मी मामा. मला कुणी डोहाळजेवणाला बोलवत नाही, बोलावलं तर खुर्च्या मांडायला. गरोदर बाईला पपई आणि अननस देत नाहीत हे मी शंभरदा ऐकलेलं, पण ते फळ खायचं नाही, टेबलावर ठेवायचं आहे, असं माझं गणित. आत्याचं गणित वेगळं: अठ्ठेचाळीस बायका जमणार, त्यांतल्या चाळीस तरी हेच बोलणार, आणि पोरीच्या सासूच्या तोंडावर बोलणार. शास्त्राचा मुद्दा काढून उपयोग नव्हता. आत्याचं बरोबर होतं.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, मला दोन्ही आवडत नाहीत, भांडू नका."

तेव्हा पायरी क्रमांक एक, जी मी एकविसाव्या क्रमांकावर केली: कागदावर रेघ ओढायच्या आधी फळांची यादी घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला दाखवा. आत्यानेच नवी यादी सांगितली. नारळ, केळी, आंबा, डाळिंब, मोसंबी. "ओटीत घालता येतील अशी ठेव. टोचलेलं, कापलेलं फळ ओटीत कसं घालणार?"

आतापर्यंत वाया: १,४८० रुपये, साधारण बारा तास.

२४ एप्रिल, गुरुवार

आमच्या ऑफिसात अकाउंट्सला गोव्यातल्या फोंड्याच्या एक बाई आहेत. डबा खाताना रडगाणं गायलो. त्या हसल्या. त्यांच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात: लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, रानातली फळं, असं जे जे त्या दिवसांत मिळतं ते बांधायचं. तळकोकणात हिलाच माटवी म्हणतात. पाच-सात दिवस ती फळं तिथेच असतात, खाली समया, वर पावसाळी दमट हवा.

"मग सडत नाहीत?"

"फळाक बुराक मारप न्हय," त्या म्हणाल्या. फळाला भोक पाडायचं नाही. देठाला बांधायचं. त्यांच्याकडे केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या, सालीचा दोर काढतात, तो देठाला घट्ट बसतो. देठ नसेल तर ते फळ माटोळीला घेतच नाहीत.

एवढंच. मी दोन शनिवार-रविवार फळांना काड्या टोचत, सुऱ्यांनी कोरत बसलो होतो. १४ तारखेला ती अख्खी पपई समोर बसून मला हेच सांगत होती.

जेवणानंतर वहीत नवं चित्र काढलं. कापणं नाही, टोचणं नाही, फोम नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी बुरूड आळीत. बांबूच्या परड्या, दहा इंच व्यासाच्या, काठ तीन इंच. नग ९० ने आठ, ७२०. विणकराने विचारलं कशाला, सांगितल्यावर त्याने बुडाला एक आडवी पट्टी जास्त घालून दिली. वजनाने परडी मधे दबते, म्हणाला. खरंच दबते, नारळ ठेवून बघितलं.

फोमच्या जागी केळीचा खांब. सत्यनारायणाला चार कोपऱ्यांना लावतात तोच. मार्केट यार्डाच्या फुलबाजारात दोन मिळाले, १२० रुपयांना. अडीच इंच जाडीच्या चकत्या कापल्या. ही वस्तू या कामासाठीच जन्माला आली आहे असं वाटतं: आत पाणी भरलेलं, देठ खोचला की धरून ठेवते, आणि खाण्याच्या वस्तूला लागली तर बिघडत नाही. भोक पाडायचंच तर ते हिला पाडा.

मधोमध केळफूल. त्याचा देठ पेन्सिलीसारखा तासून चकतीत उभा रोवला. जांभळट लाल, टोकदार, निरांजनाच्या ज्योतीसारखं. चकतीपासून वर आठ इंच, परडीचं बूड धरून साडेअकरा. १२ च्या आत. बायको समोर बसली, दिसली.

आणि मग टेबलक्लॉथ. चकती दहा मिनिटं त्यावर ठेवली होती, परडीत घालायच्या आधी. पाण्यासारखा रस, रंगच नव्हता त्याला. संध्याकाळी तिथे करपट तपकिरी वर्तुळ उमटलं. केळीचा डाग जात नाही. लिंबू, साबण, ऊन, सगळं करून झालं. सासूबाईंनी दिलेला टेबलक्लॉथ होता, यापुढे लिहीत नाही.

उपाय: चकत्या आदल्या रात्री कापून वर्तमानपत्रावर उभ्या करून निथळायच्या. परडीत आधी केळीचं पान दुहेरी अंथरायचं, मग चकती.

केळीचं पान नुसतं दुमडलं तर शिरांच्या बाजूने टर्रकन फाटतं. आई म्हणाली शेकून घे. गॅस बारीक करून पान ज्योतीपासून चार बोटं वर सरकवायचं, थांबायचं नाही. पान सरकतं तसतसा त्याचा पांढुरका, पावडरीसारखा हिरवा जातो आणि मागोमाग ओल्या दगडासारखा गडद, चकचकीत हिरवा पुढे पुढे पसरत येतो. हाताला कापडासारखं लागतं मग. तीन पानं जाळल्यावर चौथं जमलं.

२७ एप्रिल, रविवार

नारळ गडगडतात.

डिझाइनमध्ये केळफुलाच्या भोवती तीन नारळ, शेंडी वर. कागदावर त्रिकोण, परडीत गोंधळ. एक सरळ केला की दुसरा कलंडतो. चकतीला खळगे पाडून बघितले, खळग्यात पाणी साठलं. दुहेरी टेप लावून बघितली, नारळाच्या सालीला ती धरत नाही. सकाळी नऊपासून दीडपर्यंत हेच.

दुपारी आंब्याच्या खोक्यातला पेंढा काढून ठेवत होतो. आई बघत होती. काही न बोलता तिने मूठभर पेंढा घेतला, पाण्याचा हबका मारला, दोन्ही हातांत पीळ दिला, वर्तुळ करून टोक आत खोवलं. चुंबळ. डोक्यावर हंडा-कळशी न्यायला तिच्या लहानपणी घरोघरी असायची. त्यावर नारळ ठेवला, हलेना. परडी तिरकी केली तरी हलेना.

चार तास वाया गेले आणि उत्तर दीड मिनिटाचं होतं. नारळाला चार इंची चुंबळ, डाळिंबाला अडीच इंची. मी आज एकूण छत्तीस वळल्या, आईच्या सहा धरून. पेंढा ओला केला नाही तर पीळ धरत नाही आणि तुकडे पडतात. फार ओला केला तर बुरशी येईल, म्हणून वळल्यावर दिवसभर सावलीत वाळवायच्या.

आंबे: दोन डझन कच्चा हापूस, डझनाला ८५०. तीन दिवसांवर अक्षय्य तृतीया, भाव चढलेले. तृतीया झाल्यावर घेतला असता तर स्वस्त पडला असता, पण मग ४ तारखेला पिकला नसता. इलाज नव्हता. पेंढ्यात आढी घालून पलंगाखाली.

चिकूही दोन किलो आणले होते, १२०. परडीत ठेवून बघितले आणि काढले. चिकू खायला देवाघरचं फळ आहे, पण शोभेला ठेवला की बटाटा दिसतो.

१ मे, गुरुवार (सुट्टी)

आढी उघडली. खोलीत शिरतानाच वास आला तेव्हाच समजलं. चौदा आंबे पिवळे व्हायला लागलेले, तीन दिवस आधीच. उन्हाने खोली तापते आणि पलंगाखाली हवा कोंडते. एक पिकायला लागला की त्याच्यातून सुटणाऱ्या वायूने शेजारचे पिकतात. ते चौदा काढून घरातल्या दिवाणखान्याच्या फरशीवर, एकमेकांना न लागतील असे, सुटे मांडले. दहा कच्चे पेंढ्यात राहू दिले.

नुकसान वाटलं ते बरंच झालं. आता हिरवा, फिकट पिवळा, केशरी असे तीन रंग मिळतील. सगळे एका रंगाचे असते तर परडी सपाट दिसली असती.

संध्याकाळी सोसायटीच्या गावरान आंब्यावर चढलो (सेक्रेटरींना विचारून). कैऱ्यांचे लांब देठांचे घोस, प्रत्येक परडीच्या काठावरून एक लोंबता सोडायचा. हे एकच फळ खऱ्या अर्थाने माटोळीसारखं बांधायचं: देठाला सोपटाची (केळीच्या खांबाच्या सालपटाची) ओली वादी, दोन वेढे, गाठ परडीच्या काठाला. देठ तोडताना चीक मनगटावर उडाला. लगेच धुतला नाही. आता तिथे काळा डाग आणि आग. कैरीचा चीक उडाला तर हातातलं काम टाकून धुवा.

३ मे, शनिवार

पहाटे पाचला मार्केट यार्ड. मोसंबी घाऊकात तीन डझनांच्या हिशोबाने बोलतात, तीन डझन ३२०. बत्तीस लागणार होत्या, चार जादा बऱ्याच. डाळिंबं सोळा, चार किलो, ६४०. घेताना बुडाचा मुकुट शाबूत बघून घ्या, तोच शोभेचा. नारळ चोवीस, ३८ ने ९१२, हलवून पाणी वाजतंय का बघत. केळफुलं आठ, २४०. वेलची केळ्यांच्या आठ फण्या ४८०. केळी शेंड्याला हिरवट असलेलीच घ्यायची. पूर्ण पिकलेली वेलची फणीतून आपसूक सुटून पडते आणि मग ती फणी राहत नाही, बोळकं होतं. केळीची पानं ८०. टेम्पो ३५०.

ऑर्किडच्या दोन जुड्या, २४०. हा आगाऊपणा होता, यादीत नव्हत्या. रंग आवडला म्हणून घेतल्या.

संध्याकाळी सातला सगळं हॉलवर. रात्री साडेअकरापर्यंत परड्या, पानं, चकत्या, चुंबळी, नारळ एवढं बसवून झालं. बाकी फळं सकाळी. निघताना दोन निर्णय घेतले, दोन्ही चुकले. केळी उन्हाने पिकतील म्हणून हॉलच्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवली. ऑर्किड आणि आंबे भांडारखोलीत ठेवून दार लावून घेतलं, उंदरांच्या भीतीने.

४ मे, रविवार

६:०० फ्रिज उघडला. केळ्यांच्या साली राखाडी तपकिरी. केळ्याला थंडी सोसत नाही, साल काळवंडते. आत गर चांगला होता पण तो टेबलावरून कुणाला दाखवणार? आचाऱ्याने शिऱ्यात घातली. धावत कोपऱ्यावरच्या गाडीवर. चारच फण्या मिळाल्या, ७० ने २८०. चार टेबलांना केळी, चार टेबलांना एकेक आंबा जादा, असा तह केला.

६:२० भांडारखोली उघडली. ऑर्किडच्या पाकळ्या पारदर्शक होऊन मिटलेल्या, काही खाली पडलेल्या. आंब्यांतून सुटणारा इथिलीन वायू रात्रभर कोंडलेला, आणि ऑर्किडला तो अजिबात चालत नाही. फळांच्या जोडीला फुलं ठेवायचीच असतील तर झेंडू. आचाऱ्याच्या पोऱ्याने किलोभर आणून दिला, ८०. हिरव्या-जांभळ्यात तो ऑर्किडपेक्षा बरा दिसला, हे कबूल करायला लागतं.

७ ते १०:३० मांडणी. एका परडीचा क्रम: पान, चकती, केळफूल, भोवती चुंबळींवर तीन नारळ, नारळांच्या मधल्या खाचांत आंबे, समोर डाळिंबं मुकुट बाहेर करून, काठाशी मोसंब्या, फणी एका बाजूला टेकवून, शेवटी कैरीचा घोस आणि झेंडू. पहिलीला पस्तीस मिनिटं, आठवीला अठरा. प्रत्येक फळ कोरड्या सुती फडक्याने पुसून. खोबरेल तेलाने चकाकी येते असं कुणीतरी सांगितलं होतं, एका डाळिंबाला लावून बघितलं, निसटून पायावर पडलं.

आंबे-मोसंब्या फ्रिजमध्ये घातल्या नव्हत्या, त्यामुळे एकालाही घाम फुटला नाही. टेबलं कोरडी.

म्हणजे फळांमुळे कोरडी. साडेअकराला पाच नंबरच्या टेबलावर बघतो तर पांढऱ्या चादरीवर तपकिरी थेंब. चकती निथळली होती, पान दुहेरी होतं, सगळी काळजी घेतलेली. पण केळफुलाचा देठ मी सकाळी त्या परडीत परत तासला, वाकडा बसला म्हणून, तोही परडी टेबलावर ठेवलेली असताना. चीक थेट चादरीवर. तासणं, कापणं जे काय असेल ते टेबलापासून लांब करा. हॉलवाल्याने चादरीचे ४०० लावले.

१२:१५ ताईच्या नणंदेचा नातू, वय दोन, सात नंबरच्या टेबलापाशी. त्याने तळाची मोसंबी ओढली. तीन मोसंब्या घरंगळल्या, एक आंबा मागोमाग, तो मी झेलला. नारळ जागचे हलले नाहीत. मी तिथेच उभा राहून आईला खूण केली, तिला काही कळलं नाही, तिने उलट हात हलवला. तळाच्या मोसंब्यांनाही एक वाटोळी वादी बांधायला हवी होती.

१:०० ओटी. आत्याने मुख्य टेबलाच्या परडीतली पाच फळं एकेक करून उचलली. प्रत्येक फळ हातात फिरवून बघत होती. भोक शोधत होती, मला माहीत आहे. पाचही ओटीत गेली.

जेवणं झाल्यावर ताईने जाहीर केलं की फळं घरी न्यायची आहेत. आंबे चार मिनिटांत संपले. मग नारळ, डाळिंबं. मोसंब्या उरल्या सात. परड्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, तरी आठांतल्या पाच गेल्या. एका आजींनी तर माझ्या देखतच परडी उलटी करून चकती काढली, मला दिली आणि परडी पिशवीत घातली.

६ मे, मंगळवार

हिशोब. नमुन्यांत वाया गेलेले १,४८०. प्रत्यक्ष आठ टेबलांचा खर्च:

परड्या ७२०, केळीचे खांब १२०, नारळ ९१२, मोसंबी ३२०, डाळिंब ६४०, केळी ४८० आणि वर २८०, हापूस १,७००, केळफूल २४०, पानं ८०, न वापरलेले चिकू १२०, मेलेली ऑर्किड २४०, झेंडू ८०, टेम्पो ३५०, चादर ४००. एकूण ६,६८२. टेबलामागे ८३५.

नमुने धरून ८,१६२. मंडपवाल्यापेक्षा १,४३८ कमी, आणि माझे एकूण एकेचाळीस तास. सासूबाईंचा टेबलक्लॉथ यात धरलेला नाही.

आत्याला आधी विचारलं असतं, चिकू-ऑर्किड घेतले नसते, केळी बाहेर ठेवली असती आणि देठ टेबलावर तासला नसता, तर हेच काम ५,६४२ मध्ये झालं असतं. ५,००० मध्ये तरीही नाही. हापूसच्या जागी पायरी घेतला तर कदाचित, पण तो रंगाला उणा, आणि बायका ओळखतात.

आठही केळफुलं ताईकडे गेली. काल तिने फोन केला, भाजी करते, ये म्हणून. गेलो तर समोर ताट, तेलाची वाटी आणि केळफुलांचा ढीग. प्रत्येक पाकळीखालच्या कळ्या काढायच्या, एकेका कळीतला टणक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा ओढून टाकायचा, कळ्या ताकाच्या पाण्यात. तीन झाली. हाताला तेल लावायला विसरलो, नखं काळी आहेत. पाच बाकी आहेत, आज परत बोलावलंय.